दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: हिशेब स्वतः कसा करायचा

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांदरम्यान जगातलं सर्वांत छोटं नियमित विमान उड्डाण चालतं. अंतर सुमारे २.७ किलोमीटर. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं दिलेली असतात, आणि वाऱ्याची साथ मिळाल्यावर ते ५३ सेकंदांतही झालेलं आहे. आता हीच दोन नावं उड्डाणाचा वेळ सांगणाऱ्या एखाद्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये घालून बघा. असे बरेच कॅल्क्युलेटर एक ठोकळ सूत्र वापरतात: सरळ अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचं आणि वर अर्धा तास मिळवायचा. म्हणजे दोन मिनिटांच्या उड्डाणाला उत्तर येतं अर्धा तास.

मोठ्या जेट विमानांच्या लांब मार्गांवर हे सूत्र बऱ्यापैकी चालतं. प्रादेशिक विमानतळांचं गणित निराळं असतं. तिथे विमान बहुधा पंख्यांचं असतं, अंतर थोडं असतं, आणि एकूण वेळेतला मोठा भाग चढण्या-उतरण्यातच जातो. अशा मार्गाचा वेळ स्वतः काढायला अवघड काही नाही. कागद, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि वीस मिनिटं पुरतात. खाली मी एकच जोडी शेवटपर्यंत सोडवून दाखवली आहे: नॉर्वेच्या उत्तरेकडचे बोडो आणि ट्रॉम्सो. ही जोडी मुद्दाम घेतली आहे, कारण अंतर काढताना होणारी सगळ्यात मोठी चूक इथे लगेच उघडी पडते.

पायरी १: विमानतळ नेमका कोणता?

हे वाचून हसू येईल, पण चुकीच्या उत्तरांचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे. सान होजे कॉस्टा रिकाची राजधानी आहे आणि त्याच नावाचं शहर कॅलिफोर्नियातही आहे. दुसरी गोष्ट, विमानतळाला शहराचं नाव असलं म्हणून तो त्या शहरात असतोच असं नाही. फ्रांकफुर्ट-हान हा विमानतळ फ्रांकफुर्टपासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब आहे. शहराच्या मध्यबिंदूपासून अंतर मोजलं तर एवढी चूक पहिल्याच पायरीला पदरात पडते.

म्हणून नावावर विसंबू नका, कोड घ्या. तिकिटावर दिसतो तो तीन अक्षरी कोड आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा असतो. वैमानिक आणि हवाई नियंत्रक चार अक्षरी आयकाओ (संयुक्त राष्ट्रांची नागरी विमान वाहतूक संघटना) कोड वापरतात. बोडोचे कोड बीओओ आणि ईएनबीओ, ट्रॉम्सोचे टीओएस आणि ईएनटीसी. आयकाओ कोडच्या पहिल्या अक्षरांवरून प्रदेश ओळखता येतो (ईएन म्हणजे नॉर्वे), त्यामुळे भलत्याच खंडातला विमानतळ निवडला गेला असेल तर तो लगेच खटकतो. अगदी छोट्या धावपट्ट्यांना आयाटाचा कोड नसतो, अशा वेळी आयकाओचाच आधार.

पायरी २: अक्षांश-रेखांश नीट लिहून घ्या

प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू ठरवलेला असतो, बहुतेक वेळा धावपट्ट्यांच्या मध्याजवळ. त्याचे अक्षांश-रेखांश देशाच्या अधिकृत वैमानिक माहितीपुस्तकात मिळतात.

बोडो: ६७ अंश १६ मिनिटं ९ सेकंद उत्तर, १४ अंश २१ मिनिटं ५५ सेकंद पूर्व.
ट्रॉम्सो: ६९ अंश ४१ मिनिटं उत्तर, १८ अंश ५५ मिनिटं ८ सेकंद पूर्व.

हे आकडे दशांशात आणताना सांभाळा. ६७ अंश १६ मिनिटं म्हणजे ६७.१६ नव्हे. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवायचं. बोडोचा अक्षांश होतो ६७.२६९२. घाईत ६७.१६ लिहिलं की एवढ्यानेच १२ किलोमीटरची तफावत पडते. तशीच दुसरी काळजी: पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश ऋण धरायचे. दोन्ही विमानतळ शून्य रेखांशाच्या किंवा विषुववृत्ताच्या एकाच बाजूला असतील तर ही चूक लपून जाते, विरुद्ध बाजूंना असतील तर उत्तर पार बिघडतं.

पायरी ३: सरळ हवाई अंतर

विमानाचं अंतर नॉटिकल मैलांत मोजतात, आणि त्यामागचं कारण समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. नॉटिकल मैल मुळात अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा धरला गेला. एका अंशात ६० मिनिटं, म्हणून उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल. १९२९ मध्ये मोनॅको इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो बरोबर १,८५२ मीटर ठरवला गेला. ताशी एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट. तेव्हा अंशांतला फरक कळला की ६० ने गुणा, अंतर हातात.

उत्तर-दक्षिण दिशेला इतकं सोपं आहे. पूर्व-पश्चिम दिशेला रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येत जातात, त्यामुळे रेखांशाच्या एका अंशाची लांबी घटत जाते. विषुववृत्तावर ६० नॉटिकल मैल, ६० अक्षांशावर निम्मी, ३० नॉटिकल मैल. किती घटते ते अक्षांशाचा कोसाइन सांगतो.

बोडो आणि ट्रॉम्सोच्या अक्षांशांत फरक २.४१४ अंशांचा. रेखांशांत ४.५५४ अंशांचा. दोन्ही अक्षांशांचा मध्य ६८.४८, त्याचा कोसाइन ०.३६७. म्हणून पूर्व-पश्चिम खरा फरक ४.५५४ × ०.३६७ = १.६७१ अंश. आता काटकोन त्रिकोणाचा शाळेतला नियम: २.४१४ चा वर्ग अधिक १.६७१ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २.९३६. त्याला ६० ने गुणलं की १७६ नॉटिकल मैल, म्हणजेच ३२६ किलोमीटर.

कोसाइन विसरलात तर? उत्तर येईल ३०९ नॉटिकल मैल, ५७३ किलोमीटर. जवळपास पावणेदोनपट. विषुववृत्ताजवळच्या जोडीत ही चूक जेमतेम जाणवते, म्हणून कित्येकांच्या डोक्यात चुकीची पद्धत पक्की बसलेली असते आणि ती कधी उघडकीलाच येत नाही. मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीवर काढलेले नकाशे डोळ्यांची अशीच फसगत करतात. बोडोच्या अक्षांशावर त्या नकाशातलं अंतर विषुववृत्ताच्या तुलनेत अडीचपटीहून जास्त ताणलेलं दिसतं. पडद्यावर पट्टी लावून अंतर मोजू नका.

ही त्रिकोणाची पद्धत पाचएकशे किलोमीटरपर्यंत, ध्रुवांपासून दूर, बिनधास्त वापरा. त्यापुढे पृथ्वीचा गोलावा हिशेबात घ्यावा लागतो. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग ग्रेट सर्कलवरून, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून जातो आणि त्याचं सूत्रही एका ओळीचं आहे: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन एवढं मिळवा, आलेल्या बेरजेचा उलट कोसाइन अंशांत काढा आणि ६० ने गुणा. आपल्या जोडीला हे सूत्र २.९३४ अंश देतं, म्हणजे पुन्हा १७६ नॉटिकल मैलच. स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर कोन आधी रेडियनमध्ये बदला, कारण तिथली साइन-कोसाइनची फंक्शनं अंश ओळखत नाहीत. आणि दोन बिंदू अगदीच जवळ असतील, वेस्ट्रेसारखे, तर उलट कोसाइनचं सूत्र शेवटच्या दशांशांत डळमळतं. तिथे त्रिकोणच बरा.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांशी किंचित दबलेली आहे. ते जमेस धरलं तर बोडो-ट्रॉम्सो अंतर साधारण एक किलोमीटरने वाढतं. गोल धरल्याने होणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहते. उड्डाणाच्या वेळेसाठी ती सोडून द्या. ज्यांना मीटरपर्यंत अचूक आकडा हवा असतो ते व्हिन्सेंटी यांची १९७५ सालची पद्धत वापरतात, पण तुमच्या मिनिटांत तिने काही फरक पडणार नाही.

तुलनेसाठी एक आकडा: बोडोहून ट्रॉम्सोला रस्त्याने पाचशेहून जास्त किलोमीटर पडतात. मधे किनाऱ्यात खोलवर घुसलेल्या समुद्राच्या फाट्यांना वळसे घालावे लागतात. विमान एवढं सोयीचं का, ते इथे दिसतं.

पायरी ४: विमान खरोखर किती उडतं

कुठलंही विमान धावपट्टीवरून उठून नाकासमोर थेट मुक्कामाकडे जात नाही. उड्डाण वाऱ्याच्या समोर तोंड करून होतं, त्यामुळे धावपट्टी भलत्याच दिशेची असली तर उठल्यावर आधी वळावं लागतं. उतरतानाही तेच: धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी बाहेरून फेरी मारावी लागते. मधे ठरलेले हवाई मार्ग, लष्करी क्षेत्रं, डोंगर, ढगांचे गडगडाट.

धावपट्टीची दिशा तिच्या क्रमांकातच असते. क्रमांकाला दहाने गुणा, चुंबकीय दिशा मिळते. ०७ क्रमांकाची धावपट्टी साधारण ७० अंशांकडे, उलट टोकाने तीच २५ होते. मुक्काम ईशान्येला असेल आणि त्या दिवशी २५ वरून उड्डाण होत असेल, तर पहिली दोन-तीन मिनिटं उलट दिशेला गेली म्हणून समजा.

छोट्या मार्गांसाठी माझा अंदाज असा: दोन्ही टोकांचं मिळून १५ नॉटिकल मैल, आणि तीनशे नॉटिकल मैलांच्या वरच्या मार्गाला आणखी तीन टक्के. एखादं टोक गजबजलेलं मोठं विमानतळ असेल तर १५ ऐवजी ३०. बोडो-ट्रॉम्सोसाठी आपण १९० नॉटिकल मैल धरू.

पायरी ५: विमान कोणतं, त्याचा वेग काय

बुकिंगच्या पानावर विमानाचा प्रकार बहुधा दिलेला असतो. तो बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण वेगांत मोठी दरी आहे.

एटीआर ७२-६०० या पंख्यांच्या विमानाचा सपाट प्रवासातला कमाल वेग सुमारे २७५ नॉट, ताशी ५१० किलोमीटर. डॅश ८-४०० हेही पंख्यांचंच विमान, पण बरंच चपळ: ३६० नॉटपर्यंत, ताशी ६६७ किलोमीटर. एम्ब्राएर १७५ किंवा एअरबस ए३२० सारखी जेट विमानं उंचावर ध्वनीच्या ०.७८ पट वेगाने जातात, म्हणजे साधारण ४५० नॉट, ताशी ८३० किलोमीटर. ट्विन ऑटरसारखं वीस आसनांच्या आतलं विमान दीडशे नॉटच्या आसपास. ऑर्कनीतलं आयलंडर त्याहूनही सावकाश.

निर्मात्याने दिलेल्या आकड्यांतून मी नेहमी थोडे कापतो. कंपन्या इंधन वाचवण्यासाठी कमाल वेगाच्या जरा खालीच उडतात.

फ्लाइट सिम्युलेटर चालवणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. वेगदर्शकावर दिसणारा वेग आणि हवेतला खरा वेग वेगळे असतात. वर हवा विरळ होते, म्हणून १८,००० फुटांवर काटा २०५ नॉट दाखवत असताना विमान हवेतून २७० नॉटने जात असतं. हिशेबात खरा वेगच घ्यायचा. उड्डाण योजनेच्या फॉर्मवरही हाच खरा वेग लिहितात.

पायरी ६: तीन तुकडे करा

हीच खरी मेख. अंतराला थेट वेगाने भागलं तर आपण असं धरतो की विमान जमिनीपासूनच पूर्ण वेगात आहे. लांबच्या मार्गावर हे खपून जातं. दोनशे नॉटिकल मैलांच्या मार्गावर चढणं आणि उतरणं मिळूनच निम्म्याहून जास्त अंतर खातात.

आपलं विमान एटीआरच्या जातीचं धरू, उंची १८,००० फूट, वेग २७० नॉट, वारा शून्य.

चढाई: मिनिटाला सरासरी ११०० फूट धरले तर १६ मिनिटं. या काळात विमान सरासरी १९५ नॉटने पुढे जातं, म्हणजे ५२ नॉटिकल मैल कापले जातात.

उतरणं: वैमानिकांचा जुना ठोकताळा आहे, दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. १८,००० फुटांना ५४. त्यातले पहिले ४४ सरासरी २५० नॉटने, म्हणजे साडेदहा मिनिटं. शेवटचे १० नॉटिकल मैल चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या सरकत्या पट्ट्या) बाहेर काढून दीडशे नॉटच्या आसपास, म्हणजे ४ मिनिटं. एकूण साडेचौदा.

मधला सपाट प्रवास: १९० मधून ५२ आणि ५४ वजा केले की ८४ उरले. २७० नॉटने जवळपास १९ मिनिटं.

बेरीज सुमारे ५० मिनिटं. १७६ ला २७० ने सरळ भागलं असतं तर ३९ आली असती.

ही ११ मिनिटांची तफावत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पंख्यांच्या विमानाच्या बहुतेक छोट्या मार्गांवर ती १० ते १२ मिनिटांतच राहते. मार्ग लांबला तरी चढणं-उतरणं तेवढंच असतं. म्हणून घाईच्या वेळी एवढंच करा: सरळ अंतर भागिले खरा वेग, अधिक १० मिनिटं. हवेतला वेळ मिळाला.

हाच मार्ग जेटने केला तर? जेट इतक्या कमी अंतरात आपल्या नेहमीच्या उंचीपर्यंत पोचतच नाही, पोचायच्या आत उतरायला लागतं. ४३० नॉट धरून १७६ नॉटिकल मैलांना २५ मिनिटं, आणि वर चढण्या-उतरण्याचे १२-१३. म्हणजे ३७-३८ मिनिटं. विमान दीडपटीहून जास्त वेगवान असूनही बचत जेमतेम १२ मिनिटांची. कमी अंतरावर पंख्यांची विमानं टिकून आहेत याचं एक कारण हेच. एवढ्या वेळासाठी जादा इंधन जाळणं परवडत नाही.

अंतर वाढलं की चित्र पालटतं. १,००० किलोमीटर म्हणजे ५४० नॉटिकल मैल. कॅल्क्युलेटरचं ठोकळ सूत्र पावणेदोन तास सांगेल. एटीआरने प्रत्यक्षात, जमिनीवरच्या मिनिटांसकट, दोन तास वीस मिनिटांच्या घरात लागतील. पुढची गाडी किंवा दुसरं विमान पकडायचं असेल तर ही पस्तीस मिनिटं फार महागात पडतात.

पायरी ७: वारा

हवामान खात्याच्या भाषेत वाऱ्याची दिशा म्हणजे तो *जिथून* येतो ती दिशा. २४० अंशांचा वारा नैऋत्येकडून येतो आणि ईशान्येकडे वाहतो. हे उलटं धरलं की मागचा वारा पुढचा होतो आणि सगळा हिशेब आरशात बघितल्यासारखा होतो.

बोडोहून ट्रॉम्सोची दिशा साधारण ३५ अंश. २४० अंशांवरून ४० नॉटचा वारा असेल तर तो ६० अंशांकडे ढकलतो. दोन्ही दिशांमधला कोन २५ अंशांचा. वाऱ्याचा उपयोगी भाग म्हणजे त्याचा वेग गुणिले कोनाचा कोसाइन: ४० × ०.९१ = ३६ नॉट. जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. कोसाइनचे पाच आकडे पाठ केले तर कॅल्क्युलेटरही लागत नाही: ० अंशाला १, ३० ला ०.८७, ४५ ला ०.७१, ६० ला निम्मा, ९० ला शून्य.

सपाट प्रवासाचे ८४ नॉटिकल मैल जाताना ३०६ नॉटने साडेसोळा मिनिटांत, येताना २३४ नॉटने साडेएकवीस मिनिटांत. चढताना-उतरताना वाऱ्याचा परिणाम निम्मा धरा. जाणं आणि येणं यांत सगळं मिळून नऊ-दहा मिनिटांचा फरक पडतो. जाण्याचा वेळ एक आणि येण्याचा दुसरा असं वेळापत्रकात दिसलं तर ती छपाईची चूक नसते.

जाताना मिळालेलं येताना गेलं, म्हणजे हिशेब बरोबरीत, असं मात्र समजू नका. ४०० नॉटिकल मैलांचा मार्ग, २७० नॉटचं विमान, ६० नॉटचा वारा घेऊन बघा. समोरच्या वाऱ्यात ११४ मिनिटं, पाठच्या वाऱ्यात ७३, मिळून १८७. वारा नसताना दोन्ही खेपा मिळून १७८ मिनिटांत होतात. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून नुकसान नेहमी फायद्यावर मात करतं. विमान जितकं सावकाश, तितकं हे नुकसान जास्त. ट्विन ऑटरला ४० नॉटचा समोरचा वारा म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त वेग गेला. जेटला तोच वारा फारसा जाणवत नाही.

पायरी ८: जमिनीवरची मिनिटं

तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. विमान फाटकावरून हललं तिथपासून मुक्कामी थांबलं तिथपर्यंतचा तो वेळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. छोट्या विमानतळावर धावपट्टी हाकेच्या अंतरावर असते. निघताना पाच आणि पोचल्यावर चार मिनिटं पुरतात. मोठ्या विमानतळावर एकट्या निघण्यालाच वीस मिनिटं लागू शकतात. बोडो-ट्रॉम्सोसाठी ५० अधिक ९, म्हणजे तासाला एक मिनिट कमी.

कंपन्या वेळापत्रक बांधताना यात आणखी थोडी गादी घालतात, म्हणजे किरकोळ उशिरानेही विमान 'वेळेवर' पोचलेलं दिसतं. आयाटाचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं. त्याच मार्गाचा ब्लॉक टाइम या दोन्हींत वेगळा असू शकतो, कारण हिवाळ्यात वारे बदलतात आणि थंड प्रदेशांत पंखांवरचा बर्फ काढण्यातही वेळ जातो.

पायरी ९: ताळा करून बघा

आता तुमचा आकडा प्रत्यक्षाशी ताडून बघायचा. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्या उड्डाणाचा मागचा इतिहास मिळतो. शेवटची दहा-बारा उड्डाणं घ्या, हवेतला वेळ लिहा, चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा घ्या. सरासरी घेऊ नका. एखाद्या दिवशी विमान अर्धा तास घिरट्या घालत राहिलं तर सरासरी तेवढ्यानेच वाहून जाते.

डोंगराळ भागात मात्र या नोंदी जपून वाचा. विमानाचा संदेश पकडणारं उपकरण दरीपलीकडे असेल तर विमान काही हजार फूट वर आल्यावरच दिसू लागतं आणि उड्डाणाची वेळ दोन-चार मिनिटं उशिराची नोंदली जाते. नोंदीतला वेळ तुमच्या हिशेबापेक्षा थोडा कमी दिसत असेल तर आधी हे तपासा.

तुमचा अंदाज आणि हा मधला आकडा यांत दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर हिशेब जमला. त्याहून जास्त असेल तर विमानाचा प्रकार पुन्हा बघा. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

हिशेब जिथे अपुरा पडतो

नेपाळमधली काठमांडू ते डोंगरातलं लुक्ला ही जोडी घ्या. दोन्ही ठिकाणं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे अंतर सोपं: रेखांशातला फरक १.३७ अंश, कोसाइन ०.८८५, म्हणजे ७३ नॉटिकल मैल, १३५ किलोमीटर. दीडशे नॉटने २९ मिनिटं. इथे वरची दहा मिनिटं पूर्ण मिळवू नका. लुक्लाची धावपट्टी २,८४५ मीटरवर आहे, काठमांडूची सुमारे १,३४० मीटरवर. विमान चढतं तेवढं पुन्हा खाली यावंच लागत नाही. अर्धा तास, फार तर पस्तीस मिनिटं, हा अंदाज चांगला बसतो.

पण लुक्लाची धावपट्टी फक्त ५२७ मीटर लांब आहे आणि तिला जवळपास १२ टक्के चढ आहे. उतरायचं नेहमी चढाच्या दिशेने, उडायचं नेहमी उताराच्या दिशेने, वारा कुठलाही असो. वैमानिकाला डोळ्यांनी दरी दिसली पाहिजे. दुपारकडे ढग आणि वारा वाढतो, म्हणून उड्डाणं सकाळी उरकतात. ढग बसले की अर्ध्या तासाच्या उड्डाणाला दोन दिवसही लागतात. अशा विमानतळाला जाताना मिनिटांच्या हिशेबाशेजारी एक-दोन मोकळे दिवस लिहून ठेवा.

भर हंगामात लुक्लाची बरीच उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथलीहून होतात. तिथून सरळ अंतर ७३ किलोमीटरच, उड्डाण वीस मिनिटांच्या आत. आकड्यांवरून वाटतं प्रवास निम्म्यावर आला. प्रत्यक्षात काठमांडूहून मंथलीला रस्त्याने चार-पाच तास लागतात आणि विमान पहाटेचं असतं, म्हणजे मध्यरात्रीच निघावं लागतं. दोन विमानतळांमधला वेळ घटला आणि माणसाचा प्रवास वाढला. मार्ग निवडताना घरापासून मुक्कामापर्यंतचे सगळे तुकडे एका कागदावर लिहा, मगच तुलना करा.

घड्याळाचा शेवटचा पेच

वेळापत्रकातली प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाच्या स्थानिक घड्याळाची असते. दोन वेळांची नुसती वजाबाकी करू नका, आधी दोन्ही यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणा. दिल्ली यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, काठमांडू पावणेसहा. दीड तासाचं उड्डाण जाताना कागदावर पावणेदोन तासांचं दिसतं आणि येताना सव्वा तासाचं.

उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणाऱ्या प्रदेशांत हा फरक वर्षातून दोनदा बदलतो, आणि शेजारच्या प्रदेशात तो पाळत नसले तर आणखी गुंता. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स घड्याळ पुढे करतं, क्वीन्सलंड करत नाही. गोल्ड कोस्ट विमानतळाची धावपट्टी नेमकी या दोन राज्यांच्या सीमेवरून जाते. उन्हाळ्यात तिच्या दोन टोकांना एका तासाचा फरक असतो. विमानतळ मात्र क्वीन्सलंडच्या घड्याळावर चालतो. म्हणून दक्षिणेकडे सीमेपलीकडे मुक्काम असेल, तर विमान पकडण्याची वेळ फोनवरच्या घड्याळावर सोडू नका. फोन कुठल्या बाजूचा टॉवर पकडेल याचा भरवसा नसतो.